तळ्यातली मरळ

फार पूर्वी, गावं तळ्याचंच पाणी पीत होती त्या काळी, एका गावात सगुणा नावाची भोईण राहत होती. तिच्यासारखं जाळं टाकणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

गावच्या तळ्यात मरळ मासे होते. हातभर लांब, काळपट आणि भारी खादाड. लहान मासळीवर ते ताव मारत. एके दिवशी पाटील म्हणाले, "मरळ संपली की लहान मासळी सगळी आपलीच. सगुणा, हे काम तुझं."

सगुणालाही ते पटलं. उन्हाळ्यात पाणी उतरताच तिने एकूण एक मरळ काढली. गावाने जेवणं झोडली.

पुढे लहान मासळी इतकी वाढली की टोपल्या अपुऱ्या पडल्या. लोक खुशीत होते. पण हळूहळू पाणी हिरवं पडलं, मग त्याला वास येऊ लागला. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत आणि मरून काठाला लागत. पोरं आजारी पडली. बायका लांबच्या ओढ्यावरून घागरी आणू लागल्या.

"कुणीतरी तळं बाटवलं," लोक म्हणाले.

सगुणाने मात्र ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं. पूर्वी त्यात जलपिसवा, मोहरीहून बारीक पाणकिडे, उड्या मारत. आता एकही नव्हती. ती विचार करत बसली आणि मग तडक पाटलांकडे गेली.

"पाटीलबाबा, पिसवा ते हिरवं शेवाळ खायच्या, म्हणून पाणी नितळ राहायचं. लहान मासळी फार झाली, तिने पिसवा फस्त केल्या. अन् त्या मासळीला आवरणारी मरळ मीच काढली."

पाटील म्हणाले, "काढायला मीच सांगितलं होतं, बाई. आता काय करायचं?"

"मरळ परत आणायची."

नदीचा डोह दूर होता. सगुणाने तिथून मरळीची जोडी धरून माठात घातली. भर उन्हात परतताना तिला ठेच लागली आणि माठ फुटला. मरळ वरची हवा घेऊन जगते, पण तिचं अंग ओलं राहायला हवं, हे सगुणा जाणून होती. तिने दोन्ही मासे पदरात गुंडाळले, लोटीतलं पिण्याचं पाणी त्यांच्यावर ओतलं आणि कोरड्या घशाने धावत सुटली. तळ्यात सोडताच मासे शेपटी मारून खोल गेले. तेव्हा कुठे ती मटकन खाली बसली.

पावसाळ्यात काठाशी लालसर पिल्लांचा घोळका दिसला. खाली नर-मादी पहारा देत होते. सगुणाचा दीर भाला घेऊन आला.

"वहिनी, बघा, जागचे हलत नाहीत. एका फटक्यात मिळतील!"

"पिल्लांना सोडून जाववत नाही म्हणून हलत नाहीत, भाऊजी. अशांवर हात उचलायचा?"

दिराने भाला खाली घेतला.

हळूहळू मरळ वाढली, मासळी बेताची झाली, पिसवा परतल्या. पुढच्या वर्षी पाण्याचा तळ दिसू लागला. पाटलांनी पहिली घागर सगुणाकडून भरून घेतली आणि तिचं पाणी साऱ्या गावाने घोट घोट घेतलं.

तात्पर्य: तळ्यातला एक जीव काढला, तर त्याच्या आधाराने उभे असलेले सगळेच ढासळतात. म्हणून कुणालाही नको म्हणण्याआधी तो कुणाकुणाला सांभाळतो, ते पाहावं.