पळसपरीचा प्रश्न

पळसाच्या रानाला लागून मातीचं एक चिमुकलं घर होतं. त्यात हौसा राहायची. नाव हौसा, पण हौस करायला तिला सवड कुठली! उजाडलं की रानात जायचं, पळसाची पानं खुडायची, घरी येऊन ती बारीक काड्यांनी टाचायची आणि पत्रावळी लावायच्या. संध्याकाळी तिची इवली इवली बोटं ठणकत आणि डोळे बसल्या जागी मिटत.

घरात दुसरं माणूस म्हणजे आई. तिला मोठा ताप येऊन गेला होता. ताप गेला, पण जाताना आईचं हसणं-बोलणंही घेऊन गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. वैद्यबुवा म्हणाले होते, अंगात दुखणं उरलेलं नाही, जगण्यावरून मन उडालंय; ते परत आलं तर बाई उठेल, नाहीतर अशीच विझत जाईल. 

शेजारच्या तुळसाआत्या कुंपणावरून रोज विचारत, काय गं, काय विशेष? हौसा रोज म्हणे, काही नाही. तोवर आत्या चार पावलं पुढे गेलेल्या असत.

एका सकाळी हौसानं एका मोठ्या, छान पानाला हात घातला, तर पानाखाली एक सोनेरी, पिटुकला कोष लटकलेला. हौसा फार दमली होती. असं पान पुन्हा शोधायचं म्हणजे आणखी पायपीट. तरी तिनं ते तोडलं नाही. उलट कोषावर ऊन येत होतं म्हणून शेजारची डहाळी अलगद ओढून त्यावर सावली केली.

तेवढ्यात कोष थरथरला, उकलला आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. पळसाची फुलं कधीच गळून गेली होती, पण त्यांचा सगळा केशरी रंग तिच्या पंखांवर लखलखत होता.

"माझी झोपमोड केली नाहीस," परी म्हणाली. "माग, काय हवं ते."

"माझ्या आईला उठव."

परीनं मान डोलावली, पण अटीही सांगितल्या. आई उठेपर्यंत ती रोज तिन्हीसांजेला हौसाच्या खिडकीशी येणार आणि एकच विचारणार: काय विशेष? उत्तर त्या खिडकीतून मोठ्यानं यायला हवं. ते खरं हवं, आणि कालचं आज चालायचं नाही. 'काही नाही' म्हटलं की इच्छा मोडली.

बिचारी परी! कोषात पडल्या पडल्या तिनं वाटेवरची माणसं ऐकली होती. भेटलं की जो तो हेच विचारतो, म्हणजे हा माणसांचा सगळ्यात लाडका प्रश्न असणार, असं तिला वाटलं होतं. उत्तर कुणालाच नको असतं, हे तिला सांगायचं हौसाच्या जिवावर आलं.

पहिल्या संध्याकाळी हौसा रडकुंडीला आली. "आमच्या रानात काय विशेष असणार? पळसाला पानं तीनच."

"तिन्ही सारखी?" परीनं विचारलं.

हौसानं टोपलीतली डहाळी उचलली. मधलं पान मोठं, गोलसर होतं. बाजूची दोन जराशी तिरकी होती. कळायला लागल्यापासून ती ही पानं खुडत होती आणि हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं तसं मोठ्यानं सांगितलं आणि परीचे पंख उजळले.

पण रोज नवं आणायचं कुठून? नव्या बैलाला जुवाची सवय लावावी तशी डोळ्यांना सवय लावावी लागली. कधी कधी ती विसरे आणि अंधार पडताना धावत अंगणात शोधायला जाई. हळूहळू सापडू लागलं. घागर भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होतो. भर दुपारीसुद्धा भिंतीला गाल लावला तर गार लागतं. तुळसाआत्यांना शिंक येते ती जोडीनंच. हौसा सांगे, परी हसे, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असे.

मग तो वाईट दिवस आला. हौसा रानात असताना वाळत घातलेल्या सगळ्या पत्रावळी शेळ्यांनी खाऊन टाकल्या. येताना पायात काटा मोडला. भुकेली हौसा उंबऱ्याशी बसून खूप रडली. बघून बघून आता तिचे डोळेही थकले होते.

खिडकीशी केशरी उजेड आला. "काय विशेष?"

हौसा लंगडत खिडकीशी आली. तिला रिकामं अंगण तेवढं दिसत होतं. "का..." तिचे ओठ हलले.

"आज हौसा गुणगुणत आली नाही."

आवाज घोगरा होता. तो आईचा होता.

"रोज गुणगुणते," आई भिंतीकडे बघतच म्हणाली. "बोरीपाशी वळली की मला ऐकू येतं. आज आलं नाही, म्हणून मी वाट बघत होते."

आपण गुणगुणतो, हे हौसाला ठाऊकच नव्हतं.

"उत्तर खिडकीतूनच आलं," परी म्हणाली. घरभर केशरी, सोनेरी उजेड पसरला, मडक्यांवर, चुलीवर, आईच्या विस्कटलेल्या केसांवर चमचमला, आणि विरून गेला. परी दिसेना. आई मात्र भिंतीला धरून उठून बसली होती. तिनं हौसाचा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. हौसा तिच्या कुशीत शिरून झोपी गेली.

पानं अजूनही खुडावी लागतात, बोटं अजूनही दुखतात. पण आता पत्रावळी लावायला चार हात आहेत. तुळसाआत्या कुंपणावरून सवयीनं विचारतात, तर आई खरंच सगळं सांगत बसते, आणि तिकडे आत्यांचा भात करपतो.

परी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांज झाली, तशी हौसा खिडकीकडे बघत बसली होती. कुणी येणार नाही, हे तिला माहीत होतं. तेवढ्यात मागून आईनं हाक मारली.

"हौसा, काय विशेष?"

हौसा वळली.

"तू विचारलंस," ती म्हणाली.