पहिला करंट बल्बातून

फार पूर्वीची नव्हे, पण टेबलावरच्या हत्यारांना जुनी वाटावी अशी ही गोष्ट. सोपानमिस्त्रींनी पहिल्यांदाच अँप्लिफायरच्या सर्किटची आकृती लॅपटॉपमधल्या एआयकडून काढून घेतली आणि तसं सर्किट जोडलं.

"एआयच्या सर्किटला तपासणी कशाला? आता या म्हाताऱ्याला टाका अडगळीत," सर्किटकडे जाणाऱ्या वायरीच्या मध्ये जोडलेल्या सिरीज बल्बकडे बघत, डाग देणारं तापलेलं सोल्डरिंग आयर्न फणकारलं.

बल्ब एवढंच म्हणाला, "नव्या सर्किटला पहिला करंट माझ्यातून, ही या टेबलाची रीत आहे बाबा."

मिस्त्रींनी रीत मोडली नाही. बटण दाबलं, आणि बल्ब लख्ख पेटला. शॉर्ट सर्किट! सगळा भार बल्बने स्वतःवर घेतला, म्हणून सर्किट जळता जळता वाचलं.

"आकृतीत डायोडची दिशा मीच उलटी काढली," एआय ओशाळला. "पण आजोबा, माझी चूक तुम्हाला कळली कशी?"

"मला कुठलं कळतंय रे? भार आला की मी पेटतो, इतकंच."

डायोड सुलटा झाला. पुन्हा बटण दाबताना सगळ्यांनी श्वास रोखला. बल्ब क्षणभर चमकून विझला आणि स्पीकर गाऊ लागला. ओल्या स्पंजावर टेकून सोल्डरिंग आयर्नने चर्रकन सुस्कारा सोडला.

घरोघरी दिवा लागला की बरं वाटतं. त्या टेबलाला दिवा विझल्यावर हायसं वाटलं.