नांगराने पाहिलेलं

होड्यांना इंजिनं आली होती, पण होडीतल्या वस्तू अजून आपसात बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नाबरसाहेब हौसेखातर शार्क, म्हणजे आपली मुशी, पकडायचे. तिला दमेपर्यंत झुंजवायचे, शेपटीला धरून टांगायचे, फोटो काढायचे आणि “जा गं बाई, सुखी राहा,” म्हणत पाण्यात सोडायचे.

त्यामुळे त्यांचा गळ भारी तोऱ्यात असे. एका सकाळी तो नांगराला म्हणाला, “जाळं जीव घेतं. माझ्या हातून एकही मेली नाही. सगळ्या पोहत घरी गेल्या.”

तेवढ्यात साहेबांनी नांगराला तळाशी सोडलं.

दुपारी एक गाभण मुशी लागली. फोटो झाले, तिला सोडलं. ती शेपटी हलवत खाली दिसेनाशी झाली, तशा होडीत टाळ्या पडल्या.

संध्याकाळी नांगर चिखलाने माखून वर आला. गळाने विचारलं, “गेली ना घरी?”

“माझ्या शेजारीच येऊन पडली,” नांगर म्हणाला. “पिल्लं वाटेतच गळून गेली होती. तुझ्या पुष्कळजणी तिथेच आहेत.”

गळ म्हणाला, “यापुढे मला तळाचं काही सांगत जाऊ नकोस.”