ठकूकाकीची पत्ती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. माझ्या आजीनं तिच्या आजीला विचारलं होतं, तेव्हा तिला पाठीत धपाटा मिळाला होता. ओढ्याकाठी आज जे बोरूचं बेट दिसतं ना, ते तेव्हा याच्या चौपट होतं, एवढं मात्र खरं. सकाळी आत शिरलेली म्हैस दुसऱ्या दिवशी बाहेर यायची, असं म्हणतात.

त्या बेटाच्या कडेला, आपल्या वेळाप्यातच, कुशाबा गुरवाचं घर होतं. कुशाबा सनई वाजवायचा. त्याचा बाप वाजवायचा, बापाचा बाप वाजवायचा, अशा सात पिढ्या झाल्या. आणि त्याची बायको ठकू त्याच्या सनईला पत्त्या करायची.

आता पत्ती म्हणजे काय, हे ज्याला माहीत नसेल त्यानं कान इकडे करावा. सनईच्या टोकाला, जिथं ओठ लागतात तिथं, बोरूचा एक चपटा तुकडा बसवतात. एवढुसा, करंगळीच्या पेराएवढा. ती पत्ती. सनई चांगल्या सागवानाची असू दे, तिला चांदीची फुलं लावलेली असू देत, पत्ती बोलली तर सनई बोलते. नाहीतर ते नुसतं लाकूड.

पत्ती करणं हे बायकांचं काम. बोरू तोडायचा, सावलीत वाळवायचा, पावसाळाभर चुलीवरच्या धुरात टांगायचा, मग कापायचा, भिजवायचा, तासायचा, दोऱ्यानं बांधायचा. आणि बांधून झाला की तोंडात धरून फुंकून बघायचा. नुसती पत्ती हं. सनईला बाईचा हात किंवा ओठ लागायचा नाही, अशी रीत होती. पत्ती चालते आणि सनई चालत नाही. हा कुठला न्याय, तेही मला विचारू नका.

तर ठकू पत्ती फुंकून बघायची. नुसती पत्ती फुंकली की बदकासारखा आवाज येतो, कुणीही करून बघा. पण ठकूनं भाकरी थापताना, ताक घुसळताना, गोठा झाडताना ती गालात धरली, आणि नवऱ्याची एकेक चाल तिच्यावर काढली. हळूहळू त्या बदकाची मैना झाली. तिनं पत्तीवर भूपाळी वाजवली की दारातली तुळस वाऱ्याशिवाय हलायची, असं म्हणतात.

पुढं कुशाबा आजारी पडला. जाताना त्यानं ठकूला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "ठकू, वेळाईच्या दारातली आपली सनई बंद पडू दिऊ नगंस." ठकू म्हणाली, "न्हाई पडू द्यायची." झालं, तोंडातून शब्द गेला. त्या शब्दासाठीच ती पुढं जगली म्हणा ना.

का एवढं, तर त्याचं कारण होतं. वेळाई देवी आपली आणि पल्याडच्या तांबखडीची, दोन्ही गावांची. देऊळ मधल्या टेकडीवर. माघी पौर्णिमेच्या आधी नऊ दिवस देवी निजते आणि पुनवेच्या पहाटे तिला सनईनं उठवायचं, तो मान आपल्या गुरवाच्या घराचा. देवळाचा भगत दारात उभा राहून तीन हाका देतो. तिसऱ्या हाकेला आपली सनई वाजली नाही, तर तांबखडीची वाजणार. आणि एकदा तांबखडीची वाजली, की देवीची पालखी बारा वर्षं त्यांच्या गावात राहणार. सात पिढ्या ती आपल्याकडेच राहिली होती. लेक माहेरी राहावी तशी.

कुशाबामागं त्याचा धाकटा भाऊ वाजवू लागला. त्याचं वाजवणं बेताचं, पण निभत होतं. आणि ठकूकडे लोक शिकायला येऊ लागले. लांब लांबच्या गावांतून यायचे. सगळे तिला ठकूकाकी म्हणायचे.

काकीची शिकवायची तऱ्हा निराळी. एका वेळी एकच माणूस. सोमवारचा वेगळा, मंगळवारचा वेगळा. कुणी म्हणालं, काकी, दोघं मिळून बसतो, तर ती म्हणायची, "दोघं बसलात की दोघं एकमेकांचं ऐकताय. सोताचं कोन ऐकनार, मी?" पहिलं वर्षभर सनई हातात द्यायची नाही. पत्ती तोंडात आणि हातात लाटणं. होय, पोळीचं लाटणं! सनईची भोकं जिथं असतात तिथं तिनं कोळशानं खुणा केल्या होत्या, आणि त्यांवर बोटं चालवायची. तिला सनई धरायची बंदी ना, मग बोटं दाखवणार कशावर? मोठमोठे मिशीवाले बाप्ये तिच्या ओसरीवर लाटणं घेऊन बसलेले असायचे. लोक हसायचे. वर्षानं तेच वाजवायला लागले की हसणारे गप्प बसायचे.

आणि पत्ती ती ज्याची त्याला निवडायला लावायची. बेटात घेऊन जायची आणि म्हणायची, "हात लाव. गालाला लाव. जी तुला बोलंल ती तुझी." रागीट माणसाला जाड पत्ती लागायची, भित्र्याला पातळ. आणि एकाच्या ओठाला बसलेली पत्ती दुसऱ्याच्या तोंडात बोलत नाही, हे ती दहादा सांगायची.

तांबखडीचा हैबती गुरवसुद्धा तिच्याकडेच शिकला. गावातले लोक रागावले, म्हणाले, काकी, उद्या हाच आपल्या देवीला घेऊन जाईल. काकी म्हणाली, "आपली सनई वाजली तर कशाला जाईल? आपण वाजवावी."

मग एका वर्षी ऐन दिवाळीत दिराचे पुढचे दोन दात पडले. सनईवाल्याचे दात पडले की फुंकर निसटते. घरात राहिला एकटा त्याचा मुलगा, दौलू.

दौलूचं लग्न झालेलं, दोन पोरांचा बाप. मनानं सोन्यासारखा, पण एक खोड होती. काही चांगलं मिळालं की जपून ठेवायचा. लग्नातलं धोतर सणासाठी म्हणून ठेवलं, ते कसरीनं खाल्लं. सासऱ्यानं गूळ दिला, तो पाहुण्यांसाठी म्हणून ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. बायको म्हणायची, "ह्यांनी मला पन कनगीत ठिवली असती, मावले असते तर!"

सनई त्याला येत होती, काकीनं आधीच शिकवली होती. पण देवीच्या दारात वाजेल अशी पत्ती त्याच्याकडे नव्हती. मग काकी त्याला घेऊन माळ्यावर टांगलेल्या जुन्या बोरूच्या मोळ्यांशी बसली. तीन दिवस बसली. दौलू एकेक कांडी गालाला लावायचा, फुंकायचा, बाजूला ठेवायचा. तिसऱ्या दिवशी एक कांडी लागली. तिची पत्ती केली, बांधली, सनईला लावली आणि दौलूनं एकच फुंकर मारली. ओढ्यापलीकडे चरणाऱ्या गाई माना वर करून चालत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या, असं म्हणतात.

दौलूला रडूच फुटलं. काकी म्हणाली, "हीच. आता माझं नीट ऐक. ही रोज दोन घटका तोंडात पायजे. कोरी पत्ती कच्ची असतीया, तिला मान्साच्या ओलीची सवय लागावी लागती. निजली की मेली."

दौलूनं मान डोलावली. घरी गेला, पत्ती रेशमी चिंधीत गुंडाळली, डबीत घातली आणि डबी भिंतीतल्या देवळीत ठेवली. एवढी चांगली पत्ती, रोज वाजवून झिजवायची होय? सराव त्यानं जुन्या पत्त्यांवरच केला. काकीनं विचारलं, "नव्या पत्तीचा आवाज येईना रं?" तर म्हणाला, "रानात वाजवतो, काकी." काकीला वाटलं, एवढा घोडा झालेला माणूस खोटं कशाला बोलेल?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यानं जुन्या पत्त्यांना हळदकुंकू वाहिलं, पाया पडला आणि त्या ओढ्यात सोडल्या. म्हणाला, "तुमचं काम संपलं." बघा, केवढं शहाणपण!

पहाट झाली. कोरडी थंडी पडली होती, ओठ फुटत होते. टेकडीवर दोन्ही गावं जमली. पुढं बाप्ये, मागं चाफ्याखाली बायका, त्यांत ठकूकाकी. भगतानं पहिली हाक दिली, "वेळाप्याची सनई हाय का?"

दौलूनं डबी उघडली, पत्ती जिभेवर ओली केली, सनईला लावली आणि फुंकर मारली. अर्धा श्वासभर असा सूर निघाला की लोकांच्या अंगावर काटा आला. आणि मग चर्रकन पत्ती चिरली. पार दोऱ्यापर्यंत.

भगतानं दुसरी हाक दिली. दौलू वळला, माणसांमधून वाट काढत चाफ्याखाली गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काकी, म्या खोटं बोललो. एक दिस वाजवली न्हाई."

काकीच्या डोळ्यांपुढं कुशाबा उभा राहिला असणार. पण ती रागावली नाही. तिनं गालातली स्वतःची पत्ती काढली, वर्षानुवर्षं वापरून मधासारखी पिवळी झालेली, आणि त्याच्या हातावर ठेवली. दौलूनं ती सनईला लावून फुंकर मारली. नुसती हवा गेली. पुन्हा मारली. तेच. ती पत्ती त्याच्या ओठाची नव्हतीच, तर बोलणार कशी?

तेव्हा दौलूनं जे केलं, त्यासाठी मी त्याचं खोटं माफ करते. त्यानं सनई काकीच्या हातात ठेवली. म्हणाला, "तुझी पत्ती तुझ्याच तोंडात बोलंल. तू वाजव."

एकच गलका झाला. बाईमाणूस, आणि देवीच्या दारात सनई? तांबखडीचा पाटील ओरडला, "हे चालायचं न्हाई! हैबती, तिसरी हाक झाली की फुंक तू!"

हैबती सनई घेऊन पुढंच उभा होता. त्याच्या गावात देवी येणार होती, बारा वर्षं. नुसती फुंकर मारायची होती. त्यानं सनई ओठांपासून खाली घेतली आणि म्हणाला, "पाटील, हिच्यातली पत्ती काकीनं मला निवडायला शिकवली. तिच्या आधी म्या फुंकायचा न्हाई."

पाटील भगताकडे बघायला लागला. भगत ऐंशीचा म्हातारा. तो म्हणाला, "मला काय बघताय? देवी निजलीया आन तिला उठवायची हाय. तीबी बाईच हाय." आणि त्यानं तिसरी हाक दिली.

ठकूकाकीच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा सनई आली होती. बोटांना भोकं सापडेनात. मग ती स्वतःशीच म्हणाली, "लाटणंच हाय, असं समज." आणि बोटं जागच्या जागी बसली. तिनं डोळे मिटले आणि कुशाबाची भूपाळी काढली.

काय सांगू! देवळाचं दार कुणी हात न लावता उघडलं, असं म्हणतात. खाली ओढ्याकाठचं सगळं बोरूचं बेट त्या एका पहाटे तुऱ्यांनी पांढरं झालं, असं म्हणतात. सात गावांत दूध काढत बसलेल्या बायकांना तो सूर ऐकू आला आणि चरव्या भरून वाहिल्या, पण हात थांबले नाहीत. थोड्या वेळानं हैबतीनंही सनई उचलली आणि खालचा एक सूर धरून ठेवला. कळसावर ऊन येईपर्यंत दोघं वाजवत होते. पालखी वेळाप्यालाच आली, आणि तिच्यापुढं तांबखडीची माणसं नाचत आली.

सगळं झाल्यावर दौलू तिच्या पायाशी बसून रडायला लागला. म्हणाला, "काकी, म्या पत्ती जपून ठिवली आन मारली. आन गावानं इतकी वर्सं तुला तशीच ठिवली."

काकी हसली. म्हणाली, "मी न्हाई मेले. रोज वाजत हुते न्हवं का, चुलीपाशी."

त्यानंतर बारा वर्षं देवीला तिनंच उठवलं. मग दौलूनं उठवलं, आणि चांगलं उठवलं. काकी एका सकाळी पत्ती निवडायला बेटात गेली ती परत आलीच नाही, असं म्हणतात. माझी आजी म्हणायची, ती तापानं गेली, अंथरुणात, आणि पत्ती गालात होती. तुम्हाला जे आवडेल ते धरा.

पण आजही माघी पुनवेला सनई वाजण्याआधी गुरवाच्या घरातली बाई देवळाच्या पायरीवर नुसती पत्ती वाजवते. आजही सनई शिकणाऱ्याच्या हातात आधी लाटणं देतात. बेटात बोरू तोडायला गेलात, तर कोयता लावण्याआधी "काकी, कुठली घेऊ?" असं विचारायचं आणि जी कांडी हलेल ती घ्यायची. आणि वेळाप्यात चांगली वस्तू ठेवून देत नाहीत. नवं लुगडं आणलं त्याच दिवशी नेसतात. घरात कुणाला गाता येत असेल, मग ती सून असो की म्हातारी, तिचं आधी ऐकतात आणि मग पानं वाढतात.

तर ए पोरी, त्या खांबाआड बसलेली, मघापासून गुणगुणतेस ना? मला ऐकू येतं, म्हातारी झाले म्हणून काय झालं. ये पुढं. लाजू नकोस. भाकरी जरा गार झाली तरी चालेल, तुझं ऐकू दे आम्हाला.