तोंडातला गुळाचा खडा

एकदा एक शिष्य तळ्याच्या बांधावर सेनापती झाला. नेमणूक कोणी केली नव्हती. आवाज मोठा होता, तेवढे पुरले. अतिवृष्टीने तळे काठोकाठ भरले होते. बांधाखालच्या साठ घरांतली माणसे टेकडीवर गेली होती; घरे बिचारी कुठे चालत जाणार? त्यातले एक शिष्याचे.

पाणी जिथून सांडू पाहत होते तिथे अडतीस जण मातीच्या गोण्या रचत होते. कोणी तोंड उघडले की शिष्य डाफरे, "अक्कल नंतर, आधी गोणी!"

तेवढ्यात त्याचे वृद्ध गुरुजी काठी टेकत आले. "दमलास रे, आ कर," म्हणाले, आणि लिंबाएवढा गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला. "प्रसाद आहे. चावायचा नाही, थुंकायचा नाही. विरघळेपर्यंत मुकाट गोण्या वाहा."

शिष्य जळफळला. घर बुडायला आले आणि म्हाताऱ्याला थट्टा सुचते! पण प्रसाद थुंकणार कसा? गाल फुगवून तो रांगेत उभा राहिला. बांध गप्प झाला.

पुढे परटीण होती. तो गाल पाहून तिला हसू फुटले, आणि हसता हसता भीड चेपली. "दादा, बांधाखाली मी रोज धुणं धुते. तिथे बांधातून पाझरणारा झिरपा काचेसारखा नितळ असतो. आज सकाळपासून तांबडा गढूळ येतोय."

शिष्याने हातातली गोणी खाली टाकली. गढूळ म्हणजे पाणी आतली माती घेऊन निघाले. बांध पोटातून फुटणार!

"मग हकाळी का नाही..." तोंडातल्या खड्यामुळे त्याचे बोल बोबडे झाले.

"सांगायलाच आले होते. तुम्ही म्हणालात, आधी गोणी."

खडा एका गालात सारून शिष्याने प्रथमच विचारले, "आता काय करू या?"

"झिरपा बुजवू नका, दुसरीकडून फुटेल; भोवती गोण्यांचं कडं करा, आत पाणी चढलं की जोर ओसरेल," एक म्हातारा गवंडी म्हणाला. एका कोळ्याने कमरेला दोर बांधून तळ्यात बुडी मारली, पाणी जिथून बांधात शिरत होते ते खेकड्याचे बीळ शोधले, गोधडी आणि चिखल ठासला. सगळे झटून राबले. दिवस कलताना झिरपा नितळ झाला.

"गुरुजी, प्रसाद कुठल्या देवळातला?" गुरुजींपाशी बसत शिष्याने विचारले.

"देवळातला कसला? वाण्याकडचा!" गुरुजी खुदकन हसले. मग म्हणाले, "तू-मी धरून बांधावर चाळीस माणसं. माझा एक डोळा मोतीबिंदूने नेला, म्हणजे एकोणऐंशी डोळे. तू ओरडलास की त्यातले सत्त्याहत्तर मिटतात. उरलेल्या तुझ्या दोन डोळ्यांना खालचा झिरपा कसा दिसावा?"

शिष्य उठून परटिणीपाशी गेला. "ताई, उद्या आधी कुठे बघू या?"

गूळ महागलाय खरा. पण संकटात पुढारीपण आलेच, तर खडाभर जवळ असू द्या.