किल्ली कोणाच्या खिशात

एकदा एका सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात एक वृद्ध मास्तर होते. यंत्रविद्येत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकलेला माणूस तर शोधूनही सापडला नसता.

त्या कारखान्यात शिकाऊ कामगाराला प्रमाणपत्र देत नसत, कुलूप देत. नाव कोरलेलं, पितळी, ज्याचं त्याचं. कारण तिथलं मुख्य यंत्र मोहरीच्या दाण्याहून बारीक भाग उचलून बोर्डावर बसवी, आणि त्याचा पोलादी हात डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने फिरे. मध्येच एखादा बोर्ड अडकला की यंत्र निमूट उभं राही. पाहणाऱ्याला वाटे, बंद पडलं. प्रत्यक्षात ते फक्त वाट पाहत असे. म्हणून आत हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात टाकायची, असा दंडक होता. ‘ज्याचा हात आत, किल्ली त्याच्याच खिशात’ असं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि रोज सकाळी सगळे ते एका सुरात म्हणत. रोज म्हटलेल्या गोष्टीकडे माणसाचं किती लक्ष असतं, हे वाचकांना मी सांगायला नको.

गंमत अशी की मास्तरांच्या परीक्षेत पहिल्या खेपेला आजवर कोणीच उत्तीर्ण झालं नव्हतं. नापास का झालो, हे मास्तर एकेकाला बाजूला घेऊन सांगत आणि बाहेर न बोलण्याची शपथ घालत. दुसऱ्या खेपेला मग सगळे पास होत. पण यंदा कारखान्याच्या मालकांनी, शेठनी, फर्मान काढलं, की संधी एकच.

आणि यंदाची शिष्या होती हेमांगी. कुलूप मिळालं तर यंत्रावरची नोकरी, नाही तर बॅग भरून गावी परत. तिथे वडिलांनी लग्नाची बोलणी लावूनच ठेवली होती. हेमांगीला लग्नाचं वावडं नव्हतं, पण हे यंत्र तिला मनापासून आवडलं होतं. आपण कमी पडू नये म्हणून तिने महिनाभर जिवाचं रान केलं होतं.

परीक्षेच्या दिवशी शेठ जातीने हजर राहिले. अख्खा कारखाना भोवती जमला. मास्तरांनी यंत्रात मुद्दाम एक बोर्ड अडकवला, काचेचं दार लावलं, मुख्य स्विच बंद केला. मग खिशातून स्वतःचं कुलूप काढून स्विचला लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

“हं. दार उघड, हात घाल, बोर्ड काढ.”

हेमांगी पुढे झाली. दाराला हात लावला आणि थबकली. यंत्र शांत होतं. कुलूपही लागलेलं होतं. मास्तरांचं कुलूप! त्याहून भरवशाचं काय असणार? पण तिचा हात काही पुढे जाईना. तिने दोन्ही हात मागे बांधले.

“मास्तर, किल्ली तुमच्याकडे आहे.”

“मग?”

“हात माझा आहे.”

शेठ उसळले. “अगं, ज्यांनी शिकवलं त्यांच्यावरच विश्वास नाही तुझा?”

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गाव, बॅग, सगळं समोर दिसू लागलं. तरी ती म्हणाली, “विश्वास आहे, शेठ. पण भिंतीवर विश्वासाचं काही लिहिलेलं नाही. किल्ली मिळाल्याशिवाय मी हात घालणार नाही. नापास केलंत तरी चालेल.”

मास्तर सरळ पाठ फिरवून बाहेर गेले, फाटकाशी शेठच्या ड्रायव्हरबरोबर घटकाभर गप्पा मारल्या, तसेच परत आले, किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि स्विच वर केला. काचेमागे पोलादी हात सपकन फिरला. बोर्ड अडकला होता बरोब्बर तिथून.

“अहो मास्तर! पोरीचा हात असता तर?” शेठ किंचाळले.

तेव्हा मास्तर म्हणाले, “आज तिचे हात बाहेर आहेत हे पाहून मी मुद्दाम केलं. बावीस वर्षांपूर्वी मुद्दाम केलं नव्हतं. माझा शिष्य आत हात घालून उभा होता आणि किल्ली माझ्या खिशात होती. कोणी हाक मारली म्हणून मी गेलो, परत आलो, काम झालं असेल असं वाटून स्विच वर केला. त्याची तीन बोटं गेली, शेठ. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. यंत्राला माणूस ओळखता येत नाही आणि माणसाला विसर पडतो, मग तो गुरू का असेना. तेव्हापासून प्रत्येकाच्या परीक्षेत मी माझं कुलूप लावतो आणि प्रत्येक जण भक्तिभावाने हात घालतो. आज बावीस वर्षांनी कोणीतरी मला नाही म्हटलं.” त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. “शाबास, पोरी.”

त्यांनी नवं कोरं पितळी कुलूप तिच्या हातावर ठेवलं. हेमांगीने त्यांच्या पायांना हात लावला. मग स्विच बंद केला, आपलं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, सुरू करायचं बटण दाबून यंत्र हलत नाही याची खात्री केली आणि बोर्ड अलगद बाहेर काढला. टाळ्यांनी छत दणाणलं. शेठही वाजवत होते, आणि सगळ्यांपेक्षा जोरात.

“आण ती किल्ली,” मास्तर हात पुढे करून म्हणाले, “मी सुरू करतो.”

“राहू द्या, मास्तर,” ती डोळे पुसत म्हणाली, “मीच करीन.”

आणि मास्तर हसले. इतकं मोकळं हसताना त्यांना कारखान्यात कोणी पाहिलं नव्हतं.

ज्यांना आपण वाकून नमस्कार करतो, त्यांच्याही खिशात आपल्या बोटांची किल्ली ठेवू नये; खरा गुरू त्याने रागावत नाही.