पाळण्याचं खवलं

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या रानात खवले मांजरं राहत. वाळवी खात, आणि घाबरली की अंगाचा चेंडू करून पडून राहत.

पण नगरात एक चाल होती. बाळाच्या पाळण्याला त्यांचं खवलं बांधायचं, म्हणे दृष्ट लागत नाही. त्यासाठी शिकारी रानात शिरत. राजानं पहारे बसवले, कोठड्या भरल्या. एक शिकारी पकडला की दोन नवे उभे राहत. रान रिकामं होत चाललं.

तेव्हा सुंद्रा कासारीण दरबारात आली. "महाराज, मारणाऱ्याला तुम्ही पकडता. पण घेणारीला कुणी विचारलंय का, बाई, तू का घेतेस?"

"तू विचारशील?"

"बांगड्या भरताना बायका मनातलं सगळं बोलतात. विचारते की!"

सुंद्रा घरोघर हिंडली. सून म्हणाली, "माझा नाही हो विश्वास, पण सासूबाईंना वाईट वाटेल." सासू हळूच म्हणाली, "मला कसलं काय! पण नाही बांधलं तर सुनेच्या माहेरचे नावं ठेवतील." माहेरची आई म्हणाली, "आम्ही आपलं विहीणबाईंसाठी!"

घरामागून घर हेच उत्तर. शेवटच्या घरातून ती धावतच राजवाड्यात आली. "महाराज, सापडलं! जी ती दुसरीसाठी बांधतेय!"

"मग आजच दवंडी पिटतो!"

"दवंडी नको. त्यांना एकमेकींचं ऐकू द्या."

राजाच्या नातीच्या बारशाला सारं नगर लोटलं. पाळण्याला फुलं होती, खवलं नव्हतं. कुजबुज सुरू झाली. सुंद्रा चौरंगावर चढली आणि ओरडली, "खवल्यानं दृष्ट टळते, असं जिला स्वतःला वाटतं, तिनं हात वर करावा!"

दोनच हात वर झाले.

"अगं, तुलाही पटत नव्हतं?" सासू म्हणाली.

"आणि तुम्हालाही, सासूबाई?"

मांडवभर हशा उसळला! हात वर केलेल्या दोघींपैकी एक म्हातारी पुटपुटली, "मला अजून वाटतं बाई. पण आता एकटीनं कशी बांधू?"

पुढच्या बाजारी शिकाऱ्यांकडे कुणी फिरकलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शिकाऱ्यांनी सापळे मोडले आणि ते मध काढू लागले. वर्षभरात रानवाटेवर एक खवले मांजर दिसलं, शेपटीवर पिल्लू घेऊन डौलात चाललेलं.

तात्पर्य : मारणाऱ्याला पकडण्याआधी घेणाऱ्याचं मन जाणून घ्यावं, मागणं थांबलं की मारणंही थांबतं.